पोचायला किती वेळ

पोहे निवत चालले होते आणि बाबा मला बघायला आलेल्या मुलाची उलटतपासणी घेत होते. पगार नाही, पत्रिका नाही. नागपूर ते कोलकाता अंतर किती, थेट विमान आहे का, वेळ किती लागतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हजारेक किलोमीटर, काका. पावणेदोन तास," तो बिचारा मोबाइलमध्ये बघून सांगत होता.

"आणि विमानतळापासून तुमचं घर?"

"तासभर धरा."

"रात्रीचं शेवटचं विमान किती वाजता?"

"दर शनिवारी जावयाकडे मुक्काम दिसतोय!" त्याचे वडील मोठ्याने हसले. मीही कसनुशी हसले.

बाबा हसले नाहीत. "तसं नाही हो. हिचा अपरात्री कधी रडत फोन आला, तर मला पोचायला किती वेळ लागेल, तेवढंच बघतोय."

त्याच्या आई आल्यापासून गप्पच होत्या. त्यांनी हातातली डिश खाली ठेवली.

"लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी असा फोन केला होता. माझे वडील दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. तोपर्यंत सासरी माझ्या बाजूने बोलणारं एक माणूस नव्हतं."

त्याच्या वडिलांची मान खाली गेली.

"तुम्ही सकाळच्या विमानाने या, भाऊ," त्या म्हणाल्या. "तोवर मी बसेन हिच्यापाशी."

बाबांनी तेव्हा कुठे पोह्यांची डिश उचलली.