बारा वेळा हरेश घरी आला

यंत्राचा धुक्यासारखा निळा उजेड यमुनाबाईंच्या मांडीवर पसरला होता. त्यांच्या मुलाच्या, हरेशच्या खटल्यात वकिलाला साक्षीदाराच्या अधू नजरेबद्दल प्रश्नच विचारू दिला नव्हता. ही चूक अपील कोर्टानं मान्य केली आणि ती दुरुस्त करून तोच खटला यंत्रात हजार वेळा चालवला. नऊशे अठ्ठ्याऐंशी वेळा हरेश खुनीच ठरला. म्हणजे चुकीनं काही बिघडलं नव्हतं. जन्मठेप कायम झाली.

"आणि उरलेल्या बारा वेळा?" यमुनाबाईंनी कारकुनाला विचारलं.

"सुटला, मावशी. सुटका झाली की त्या दिवसाच्या दिवेलागणीपर्यंतचं यंत्र पुढं दाखवतं. बाराही वेळा तो खाडीच्या बांधावरून चालत घरी आला."

निळ्या उजेडात त्यांना ओल्या जाळ्यांचा वास आला. "मी दार लगेच उघडलं ना रे?"

कारकुनानं पडद्याकडे पाहिलं. त्याचा आवाज हळू झाला. "उघडावं लागलंच नाही, मावशी. बाराही वेळा दार सताड उघडं होतं."

 यमुनाबाईंचा हात कनवटीच्या किल्लीकडे गेला. आज कोर्टात येताना त्यांनी दाराला कुलूप घातलं होतं.