शाखेच्या जावयाचा फोन

"थांबा, स्पीकरवर घेतो," म्हणत मॅनेजर जगतापसाहेबांनी बटण दाबलं आणि शाखेला गप्प राहण्याची खूण केली. शाखा गप्प झाली. एरवी समोर ग्राहकांची रांग असली तरी तिला हे जमत नसे.

अमेरिकेहून फोन होता. उत्कर्षाच्या नवऱ्याचा.

उत्कर्षा मधल्या खुर्चीत बसली होती. केसांत गजरा, पदरात खण, तांदूळ आणि नारळ. नोकरी सोडून ती नवऱ्याकडे निघाली होती, आणि सहकारी बँकेच्या या कोथरूड शाखेने निरोपसमारंभाऐवजी सरळ पाठवणीच मांडली होती. तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यांतली बहुतेक वैजनाथने न्यू जर्सीत आणि तिने मुदतठेवींच्या टेबलावर काढली होती. त्यामुळे वैजनाथ तिचा नवरा कमी आणि शाखेचा जावई जास्त झाला होता. त्याने पाठवलेली चॉकलेटं शाखेने खाल्ली होती. बर्फात उभं राहून काढलेला त्याचा फोटो लॉकररूमपर्यंत जाऊन आला होता. परळीचा मुलगा पुण्यात शिकतो काय आणि थेट तिकडे जातो काय, याचं कौतुक करता करता शाखेतल्या दोघातिघांनी आपापल्या मुलांना कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं होतं.

उत्कर्षाच्या जागी कोणी येणार नव्हतं. सोमवारी कॉम्प्युटर येणार होता. ती जाणार हे कळताच हेड ऑफिसने ती जागाच रद्द करून टाकली होती. जगतापसाहेबांनी दुपारीच तिला कामातून मोकळं केलं होतं आणि वर पेढा दिला होता.

ओटी भरली ती कॅशवरच्या वासंतीबाईंनी. "जा बाई, सुखाने जा. भांडी तिकडेही तुलाच घासायची आहेत, फक्त मशीनमध्ये," असा आशीर्वादही दिला. कोणाचं काही पोटात घालण्याची वासंतीबाईंना सवय नव्हती. 'जरा लवकर होईल का,' असं विचारणाऱ्या एका ग्राहकाला त्यांनी 'उद्या लवकर या,' असं सांगितलं होतं, तेही मान वर न करता.

"बोल, बोल," साहेबांनी उत्कर्षाला खुणावलं. मागे कोणीतरी खुदकन हसलं. जावई काय लाडात बोलतो ते ऐकायला सगळे टेबलाभोवती सरकले.

"हॅलो," उत्कर्षा म्हणाली.

"उत्कर्षा, नीट ऐक. राजीनामा मागे घे. आत्ताच्या आत्ता."

शेजारच्या टेबलावरून यावा इतका आवाज स्वच्छ होता.

"आमचं ऑफिस बंद झालं गं. काल सकाळी गेलो, कार्ड लावलं, तर दारच उघडेना. मग एका माणसाने माझं सामान खोक्यात घालून बाहेर आणून दिलं. दुसरीकडे कुठे नोकरी नाही, सगळीकडे हेच चाललंय. नोकरी नाही म्हणजे इथे राहताही येत नाही. रात्रभर फोन हातात घेऊन बसलो होतो, तुला सांगू कसं… मला परत यावं लागणार. निदान तुझी तरी नोकरी राहू दे गं."

मग शब्द थांबले आणि शाखेचा जावई स्पीकरवर रडू लागला.

जगतापसाहेब बटण शोधू लागले. स्पीकर चालू कसा करायचा हे त्यांना माहीत होतं. बंद करण्याची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी एक बटण दाबलं, तर रडणं मोठं झालं. दुसरं दाबलं, काहीच झालं नाही. शेवटी त्यांनी वायरच उपटली.

शिपाई मच्छिंद्रने साहेबांच्या हातात द्यायला शाल उलगडून धरली होती, ती तो तशीच धरून उभा राहिला. कोणाच्या तोंडातला वडा तोंडातच राहिला. ज्यांनी तीन वर्षं मनातून हेवा केला होता, त्यांना तर बघावं कुठे तेच कळेना.

उत्कर्षा पदरातल्या नारळाकडे बघत होती. बिबवेवाडीची भाड्याची जागा सोडून झाली होती. गॅस परत करून झाला होता. नोकरी दुपारीच संपली होती. यातलं काहीच तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. कानात नुसतं ते रडणं होतं. तिच्यासमोरसुद्धा वैजनाथ कधी रडला नव्हता. आज पहिल्यांदा रडला, तो सगळ्या बँकेसमोर. आता ही गोष्ट संध्याकाळपर्यंत डेक्कन शाखेत जाणार, उद्या हेड ऑफिसात. परत आल्यावर हा माणूस या लोकांसमोर मान वर करून उभा कसा राहणार?

तेवढ्यात वासंतीबाई उठल्या. सगळी शाखा त्यांच्याकडे बघू लागली, कारण त्या बोलणार होत्या.

"साहेब, कसला हो हा फोन घेतलात?" वासंतीबाई म्हणाल्या. "नुसती खरखर. मला तर एक अक्षर कळलं नाही." मग त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे सावकाश पाहिलं. "कळलं का कोणाला?"

कोणालाच कळलं नव्हतं. मच्छिंद्रने शालीसकट मान हलवली.

"लाइनच खराब," उपटलेली वायर पाठीमागे धरून साहेब म्हणाले. "तिकडून नेहमीच असं येतं."

वासंतीबाई उत्कर्षाजवळ गेल्या आणि तिचा घसरलेला पदर त्यांनी सावरून दिला.

"काय गं, काय म्हणत होते आमचे जावई?"

उत्कर्षाने वर पाहिलं. सगळी शाखा कान देऊन उभी होती, जणू खरंच काही ऐकलं नसावं.

"घरी येतोय म्हणाला," ती म्हणाली.