उरलेली अर्धी बाटली

वाइन पुढच्या रविवारपर्यंत टिकली पाहिजे, असं नीलमने फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं. तिचा भाऊ पप्पू शिरूरला एका परमिट रूममध्ये कामाला होता, त्याला यातलं कळायचं. नवी बाटली पाठवतो, तो म्हणाला. तिने नको म्हटलं. विक्रमने उघडलेली होती, तीच हवी होती.

मग पप्पूने सांगितलं. हवा लागली की वाइन आंबते. छोट्या बाटलीत काठोकाठ भर, झाकण घट्ट लाव, फ्रिजमध्ये ठेव.

नीलमचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. तिने खोकल्याच्या औषधाची बाटली उकळून घेतली आणि सासूबाईंना धरायला बोलावलं. साखरबाई मोरीत वरवंटा घासत बसल्या होत्या, तो ठेवून उठल्या. एक थेंब सांडला नाही.

विक्रमला वाइनची चटक कंपनीतल्या साहेबांनी लावली होती. गावठी पिणाऱ्यांना तो नावं ठेवायचा. मारायचा मात्र त्यांच्याहून जास्त. दिवाळीत झाकण उघडं राहून वाइन आंबली, तेव्हा त्याने नीलमचं डोकं फ्रिजच्या दारात चेपलं. दोन दात गेले. मध्ये पडलेल्या आईच्याही पोटात लाथ बसली. हात मोडला तो आत्ता, शुक्रवारी.

"आंबली तर त्यो घ्यायचा न्हाई," साखरबाई म्हणाल्या. "मग चार माणसांत इचारणं सुरू व्हईल."

नीलमला तीच धास्ती होती. वीज गेली की ती बाटलीला ओलं फडकं गुंडाळायची. शेजारची ज्ञानेश्वरी दोन्ही वेळचा डबा आणायची, प्लास्टर बघून हळहळायची.

रविवारी दोघींनी आळीपाळीने वास घेतला. वाइन चांगली होती.

दौंडला भीमेच्या काठावर वरवंडची सगळी भावकी जमली. पिंड ठेवून तास झाला, तरी कावळे झाडावरून उतरेनात. चुलते सोपानराव हात जोडून म्हणाले, इक्रम, तुझ्या आईला सांभाळू, बायकोला सांभाळू. काही उपयोग झाला नाही. जिन्यावरून पडून कुणी असं मरतं का, असं मागे कुणीतरी पुटपुटलं. दोघातिघांनी नीलमच्या प्लास्टरकडे बघितलं.

तिने पुढे होऊन पिंडावर वाइन ओतली.

कावळा शिवला. लोक सुटल्यासारखे उठले. नीलमला रडू फुटलं, आणि ते खरं होतं.

सगळ्यांची पाठ वळल्यावर साखरबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या. लेकाच्या नावाने त्यांनी फुलं सोडली, मग पिशवीतून वरवंटा काढला आणि तोही सोडला.