दोन मिनिटांचा रंग

अकरावा दगडही काळाच निघाला. उकल्याने तो बाजूला टाकला आणि कपाळाला हात लावला.

खोदकामावरची संशोधक मंडळी त्याला उकल्याच म्हणत. लाखो वर्षांपूर्वीच्या तळ्यातला गाळ साचून झालेले दगड पातळ सुरीने उकलायचे आणि पापुद्र्यांत दबलेली पानं, किडे अलगद मोकळे करायचे, ही त्याची बावीस वर्षांची नोकरी. ओल्या थरातलं पान उकललं, की ते गळून पडलं त्या दिवशीच्या रंगात समोर येतं. कधी हिरवं, कधी पिवळं, कधी लाल. मग हवा लागते आणि दोन मिनिटांत ते कोळशासारखं काळं पडतं. फोटोत तो रंग धड उतरत नाही. हे त्याने बायकोला जेवताना शंभरदा तरी सांगितलं असेल.

"माझे केस पिकलेले दिसत नाहीत तुम्हाला," ती म्हणायची, "आणि लाखो वर्षांपूर्वीचं पान बरं दिसतं! येईन हो, पुढच्या वर्षी येईन बघायला."

आता पुढचं वर्ष उरलं नव्हतं. तिचे डोळे फार तर दोन महिने साथ देतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यातला एक महिना सरलाही होता. म्हणून साहेबांच्या हातापाया पडून उकल्याने सुट्टीच्या दिवशी तिला इथे आणलं होतं. एकदा तरी तिने तो रंग बघायला हवा होता.

पण मायेपोटी त्याने घोळ घातला. तिला खड्ड्यात उतरायला लागू नये म्हणून त्याने सकाळीच दगड वर आणून ठेवले. उन्हाने त्यांचे सांधे उघडले, हवा आत शिरली आणि पानं आतल्या आत काळी पडली. कालचा शिकाऊ माणूसही अशी चूक करत नाही.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "किडा बघितला की मघाशी." मघाशी त्याने भुंगा म्हणून दिलेल्या दगडावरून ती बराच वेळ बोट फिरवत बसली होती. पाय किती नाजूक आहेत, असंही म्हणाली होती.

"किड्याचं सोड. चल, आपण खालीच जाऊ."

त्याच्या खांद्यावर हात ठेवून, प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपून ती उतरली. "मेली निसरडी आहे वाट," ती म्हणाली. त्यालाही ते पटलं.

खाली तिला बसवून त्याने ओल्या थरातला दगड काढला आणि तिच्या मांडीवर गोणपाट टाकून त्यावर ठेवला. "रंग मी सांगणार नाही हं. तो तूच सांगायचा."

त्याने सुरी सरकवली. दगड उकलला. आत अख्खं पान होतं, देठासकट, शिरांसकट, एका कोपऱ्यात किड्याने कुरतडलेलं. असं पान त्याच्याही हाती वर्षा-दोन वर्षांत एखादंच लागे. आनंदाने तो जवळजवळ ओरडलाच.

"बघ! लवकर बघ!"

ती वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग तिचा चेहरा फुलला.

"अगं बाई, किती हिरवंगार हो! आत्ता झाडावरून तोडल्यासारखं!"

उकल्या तिच्याकडे बघतच राहिला.

"दिसलं ना तुला?" त्याने कसंबसं विचारलं.

"दिसलं म्हणजे काय! डोळे भरून बघितलं. आता माझं काही राहिलं नाही." आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.

"हो गं, हिरवंगारच आहे," तो म्हणाला, आणि तिच्या मांडीवरचं ते लालभडक पान कडेकडेने काळं पडताना एकटाच बघत राहिला.