एकतीस खोकले

लेकीनं दोन दिवस डोळ्यात तेल घालून वडिलांच्या जुन्या संगीत प्रवचनाच्या व्हिडिओतला एकूणएक खोकला टाइमलाइनवरून छाटला. पाहून वडील म्हणाले, “सूर स्वच्छ झाला गं, पण तुझी आई कुठे गेली?” “ती गात होतीच कुठे, बाबा?” “मागे बसून खोकायची ना! मी विषय सोडून भरकटलो, की तिचा लगाम.” आईला जाऊन वर्ष झालेलं. तिचा दुसरा आवाज कुठेच टिपलेला नव्हता. “एकतीसच्या एकतीस जागच्या जागी बसवते.” “भजनी मंडळाला व्हिडिओ आजच द्यायचाय ना?” “देवाचं काम, देव थांबेल.” तिनं मूळ क्लिप उघडली, पहिला खोकला उचलून नेमक्या फटीत बसवला. तोवर वडिलांनी आईच्या माहेरचं पुराण लावलं होतं. तिनं बटण दाबलं. खोकला ऐकताच ते अर्ध्या वाक्यात थांबले. “बरं बरं, मुद्द्यावर येतो.”