टोपणाचे दोन ठोके

शिंप्याचं आवडतं गाणं दोन कडवी संथ चालायचं, मग वाद्यं एकदम थांबायची आणि तेच गाणं दुप्पट लयीत सुटायचं. मधल्या शांततेत तो शिवताना बोटात घालायचं लोखंडी टोपण टेबलावर दोनदा वाजवायचा. “मी ढकललं म्हणून पुढे गेलं,” असं वर बायकोला ऐकवायचा.

तो गेल्यावर तिने ते टोपण दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं. वर्षभर ती रोज गाणं लावून त्या जागी श्वास रोखून बसली. टेबल गप्पच राहिलं.

एका दुपारी ती एकट्या राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे गेली. बहिणीने तीन कप चहा ओतला.

“तिसरा कोणाला गं?”

“हाताची सवय, ताई. हात काय माणसं मोजतो?”

रेडिओवर नेमकं तेच गाणं लागलं.

“दाजींचं गाणं. बंद करू?”

“राहू दे.”

बहीण बिस्किटं काढू लागली. दुसरं कडवं संपलं. वाद्यं थांबली.

रिकाम्या खुर्चीसमोर, टेबलावर, लोखंड दोनदा वाजलं.

तिने गळ्याशी हात नेला. टोपण तिथेच होतं.

बहिणीने तंद्रीतच, मान वर न करता तिसरा कप बाजूला सरकवला.

“हळू रे,” ती म्हणाली. “रोज चहा सांडतोस.”