रबरी हाताची नाडी

सराव खोलीतल्या पुतळ्याला नाडी नव्हती. शेजारी बसलेल्या मदतनिसाने रबरी फुगा दाबला, की नळीतून हवा जाऊन पुतळ्याच्या मनगटात ठोके उडायचे. मदतनिसाची बायको याच खोलीत नर्सिंगच्या मुलींना शिकवायची. ती वारल्यावरही तो फुगा दाबायचा, पण त्याचा जीव कशातच नव्हता.

आज वॉर्डात कामाला लागलेल्या जुन्या मुलींची फेरपरीक्षा होती. त्याआधी एक मुलगी सरावाला आली, ती रडकुंडीला येऊनच.

"काका, वॉर्डात सगळं मशीनच सांगतं. बोटं पार विसरली हो. नापास झाले तर पुन्हा पहिल्यापासून!"

"बाईंनी शिकवलेलं असं विसरतं होय? आधी अंगठा काढ. अंगठ्यात आपलीच नाडी लागते."

तिने अंगठा काढून पुतळ्याच्या मनगटावर तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. तो फुगा शोधू लागला. फुगा नळीतून निसटून टेबलाखाली गेला होता.

"लागली!"

तो वाकलेलाच राहिला. "पोरी, मी अजून फुगा दाबला नाही."

"थट्टा पुरे हो काका. चांगली लागतेय. मधेच एक ठोका गाळताय, तो मला पाडायलाच ना?"

त्याच्या बायकोची नाडी अशीच लंगडत चालायची. शेवटी ती त्याच्याच बोटांखाली थांबली होती.

त्याने हात पुढे केला, पण त्या मनगटाला शिवायचा धीर होईना.

"मंद होतेय," मुलगी म्हणाली. "झालं ना? सोडू?"

"नको!" तो ओरडला. "हात सोडू नकोस!"